शेजारप्रीतीचे मोल

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला जाणाऱ्या आगगाडीत नारायण वामन टिळकांना एक युरोपीय सहप्रवासी भेटला. तो अदबीने वागला, काव्यावर बोलला आणि त्याने नवा करार त्यांच्या हाती दिला. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. तो झाला नसता, तर ते सौजन्य व्यर्थ ठरले असते काय? मुळीच नाही. चांगल्या शोमरोन्याने जखमी मनुष्याला त्याचा धर्म विचारला नव्हता.

त्याच लोहमार्गावर पुढे रायपूर लागते. तेथील ब्राह्मणपाऱ्यात शेजारच्या घरी मध्यरात्री कोणी आजारी पडले, तर फळाची अपेक्षा न धरता आपण मदतीला धावू काय? प्रीतीचे आमिष झाले, की ती प्रीती उरत नाही.