गादी रिकामी, कारभारी जागेवर

शरणबंधू-भगिनींनो, घरधनी परगावी जाताना किल्ली आपल्या हाती देऊन गेला, तर आपण त्या घराचे कोण? राखणदार. हे उत्तर सोपे आहे. पण धनी परत येऊन दारात उभा राहिला आणि आपणच दार उघडले नाही, तर?

युरोपातील हंगेरीत असे खरोखर घडले. पहिल्या महायुद्धानंतर तेथे राज्य उरले, राजा नव्हता. १ मार्च १९२० रोजी राष्ट्रसभेने मिक्लोश होर्ती यांना राजप्रतिनिधी निवडले. ते आरमाराचे सेनापती, आणि त्याच वर्षीच्या तहाने देशाचा समुद्रकिनाराच गेला! लोक थट्टा करीत, ती उगीच नव्हे.

१९२१ च्या ईस्टरला राजे चौथे कार्ल स्वतः बुडापेस्टच्या राजवाड्यात आले आणि त्यांनी आपली गादी मागितली. होर्तींनी त्यांच्याच घराण्याच्या निष्ठेची शपथ घेतलेली होती. तरी त्यांनी नकार दिला. राजा परतला तर शेजारची राष्ट्रे चालून येतील, हे त्यांचे कारण खोटे नव्हते. ऑक्टोबरात राजे पुन्हा आले, तेव्हा त्यांना शहराच्या वेशीवर सैन्याने अडवले. नोव्हेंबरात कायद्याने त्यांच्या घराण्याचा हक्क काढून घेतला, आणि पुढच्या एप्रिलमध्ये ते मदेरा बेटावर वारले. देश मात्र कागदोपत्री राज्यच राहिला.

त्या नकाराला मी दोष देणार नाही. खटकते ते पुढचेच. गादी रिकामी ठेवून कारभारी २४ वर्षे बसला आणि १९४२ साली त्याचा मुलगाच उपराजप्रतिनिधी झाला. (मुलगा त्याच वर्षी विमान अपघातात गेला, हे दुःख वेगळे.) कल्याणात बसवण्णांच्या हातीही दुसऱ्याचेच भांडार होते, हे आपणांस सांगायला नको.

मार्च १९४४ मध्ये जर्मन सैन्य देशात शिरले. होर्ती पद सोडून गेले नाहीत. मेच्या मध्यापासून आठ आठवड्यांत सुमारे ४ लाख ३७ हजार ज्यू स्त्री-पुरुष-बालके आगगाडीत कोंबून पाठवली गेली, बहुतेक सारी आउश्विट्झला. त्यांना गाडीत चढवणारे शिपाई हंगेरीचेच होते.

जुलैच्या आरंभी होर्तींनी आज्ञा दिली आणि गाड्या थांबल्या. तोवर राजधानीबाहेरचे बहुतेक ज्यू गेलेले होते. वाचकहो, 'मी केवळ सांभाळणारा, माझ्या हाती काय होते?' असे त्या आज्ञेनंतर त्यांना म्हणता येईल का?