नोंदीची भाषा आणि रोग्याचें मौन

चैत्र पौर्णिमेस वाडी रत्नागिरीच्या डोंगरावर जोतिबाच्या यात्रेसाठीं लक्षावधि भाविक लोटतात. त्या गुलालाच्या गर्दींत मराठवाड्यांतील एखादा वृद्ध मूर्च्छित पडला, तर यास मधुमेह आहे काय, कोणतें औषध सोसत नाहीं, असे प्रश्न डॉक्टरापुढें उभे राहतात. उत्तरें असतात, पण तीं दूर गांवच्या दवाखान्यांत. तीं येथवर यावींत कशीं, आणि कोणाच्या अनुज्ञेनें? हे प्रश्न यंत्रविद्येचे भासतात. आमच्या मतें ते नीतीचे आहेत.

पहिला प्रश्न भाषेचा. रक्तांतील साखर आपल्याकडे मिलिग्रॅमांत मोजतात, इंग्लंडांत मिलिमोलांत. आपले १२६ म्हणजे तिकडचे ७. एकक न लिहितां आंकडा धाडला, तर संगणक तो बिनचूक पोंचवील, पण अर्थ वाटेंतच हरवेल. यास्तव रोग, तपासण्या व मापें यांस समान संकेत हवेत. भारत सरकारनें तशीं मानकें २०१३ सालीं काढलीं व २०१६ सालीं सुधारलीं. नोंद पुढच्या वैद्यास कळेल अशी लिहिणें हा वैद्याच्या धर्माचाच भाग होय.

दुसरा प्रश्न अधिक नाजूक. २७ सप्टेंबर २०२१ रोजीं देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्यें रोग्यास १४ अंकी 'आभा' क्रमांक मिळतो. नोंद जेथें झाली तेथेंच राहते, व त्याच्या संमतीनें, ठराविक मुदतीपुरती, दुसऱ्यास दिसते. पण मूर्च्छितानें संमति द्यावी कशी? २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्यानें प्राणसंकटापुरता अपवाद मांडला आहे, आणि तो न्याय्य आहे. मात्र प्राण वांचविण्यास औषधाचें वावडें कळलें पाहिजे. पूर्वायुष्यांतील मनोविकार कळण्याचें कारण नसेल, तर तो झांकलेलाच राहावा.

येथें दोन्ही प्रश्न एकमेकांस भेटतात. जुन्या कागदांचें छायाचित्र धाडलें तर सर्व उघडें पडतें, न धाडलें तर कांहींच कळत नाहीं. उलट प्रत्येक गोष्ट स्वतंत्र संकेतानें नोंदलेली असेल, तर हवी तेवढीच देतां येते. सुस्पष्ट भाषा बोलण्यास जितकी उपयोगी, तितकीच मौन राखण्यासही. म्हणून मानकें न पाळणाऱ्या रुग्णालयास आम्ही केवळ अव्यवस्थित म्हणणार नाहीं. तें रोग्याचे दोन्ही हक्क एकदम हिरावून घेतें.