आधी काय, नंतर काय

उत्पन्नाच्या दाखल्यासाठी रांगेत उभा होतो. माझ्यापुढे एक आजी. संगणकावरच्या मुलाने विचारलं, "आजी, आडनाव?"

"पोराकडं ऱ्हाते बाळा, वाघोलीला. रेशनकारड गावचं हाय."

पत्त्याचा रकाना बराच खाली होता. आडनावापुढे लाल चांदणी; ते भरल्याशिवाय खालचं काही उघडेना. कसंबसं तिथून सुटले, ते जन्मतारखेपाशी अडले. "दुष्काळात खडी फोडाय गेले, तवा चौदा-पंधराची आसंन." दुष्काळ 1972चा, म्हणजे सालाचा अंदाज आलाच की! पण रकान्याला आधी दिवस हवा. "1 जून टाकू?" मुलगा म्हणाला, आणि रांग हसली. शाळेत गुरुजींनी जूनच्या एक तारखेला जन्माला घातलेले निम्मे लोक तिथेच उभे असणार.

ठरलेल्या क्रमाशी माझं भांडण नाही. पूजेच्या संकल्पात देश येतो, काळ येतो, संवत्सर, तिथी, वार येतात आणि आपलं गोत्र नि नाव पार शेवटी. तिथे कोणी कुरकुरत नाही. तारखेचा क्रम तर ठरलेलाच हवा, नाहीतर 5/6 म्हणजे पाच जून की सहा मे, यावर एखाद्याची पेन्शन लटकायची.

पण विचारण्याचा क्रम आणि मांडून ठेवण्याचा क्रम एकच कशाला हवा? पाकिटावरचा पत्ता बघा. आपण नावापासून सुरुवात करतो, मग घर, गाव, तालुका, जिल्हा. टपाल वेगळं काढणाऱ्याची नजर आधी जाते तळाच्या पिन कोडवर. (तोही त्याच दुष्काळी वर्षातला, 15 ऑगस्ट 1972चा.) पहिला अंक 4 दिसला की महाराष्ट्र-गोव्याच्या बाजूचं टपाल, नाव वाचायचं ते दारात पोचल्यावर पोस्टमनने. लिहिणारा वरून खाली येतो, वाचणारा खालून वर जातो आणि पत्र पोचतं. सहा अंकांवर माणसांना जमलं ते संगणकाला अवघड नसावं. सांगणाऱ्याने सुचेल तसं सांगावं, रकाने संगणकाने आत लावून घ्यावेत, राहिलेलं शेवटी विचारावं.

त्या मुलाने अखेर कीबोर्ड बाजूला सारला. एका जुन्या पावतीची पाठ पुढे ओढली आणि म्हणाला, "हां आजी, सांगा." पावतीवर पहिला शब्द पडला : वाघोली.