खेळ, खेळते भांडवल आणि निकड

भीमा व नीरा यांच्या संगमावर वसलेल्या नरसिंहपुरी वैशाख शुद्ध चतुर्दशीला नृसिंहजयंतीचा उत्सव होतो. इंदापूर तालुक्याच्या टोकाशी असलेल्या या गावी दूरदूरची कुटुंबे कुलदैवताच्या दर्शनाला येतात. आणि जेथे मुलेबाळे येतात, तेथे पिपाण्या, भिरभिरी, चेंडू, सापशिडीचे पट विकणारा पाल ठोकून बसायचाच. २०२० साली ही तिथी ६ मे रोजी आली, २०२१ साली २५ मे रोजी. दोन्ही वेळा देवालये भाविकांना बंद होती.

या खेळणीवाल्याने ती दोन वर्षे कशी काढावीत? प्रश्न अर्थशास्त्राचा दिसतो. आमच्या मते तो नीतीचाही आहे.

त्याच्या धंद्याचे गणित साधे, पण निष्ठुर. हंगामापूर्वी ठोक व्यापाऱ्याकडून उधारीवर माल उचलायचा, एका जत्रेतून दुसरीत तो खपवायचा आणि मग देणे फेडायचे. पेठेतल्या दुकानदाराला वर्षाचे बारा महिने असतात. याला मोजके दिवस. चैत्र-वैशाखातील यात्रा गेल्या, पाठोपाठ वारीही गेली. तुकोबांची पालखी एरवी बारामती-इंदापूरवरून पायी जाते; त्या दोन्ही वर्षी पादुका एस. टी.ने पंढरपुरास नेण्यात आल्या. पेढा नासतो, खेळणे नासत नाही, असे कोणी म्हणेल. खेळणे राहते हे खरे; परंतु त्यात अडकलेला पैसा राहत नाही. फुग्याचे रबर तर एका उन्हाळ्यातच चिकटून जाते.

रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट २०२० या काळात कर्जाचे हप्ते लांबणीवर टाकण्याची मुभा दिली. ती बँकेच्या ऋणकोला. ठोक व्यापाऱ्याच्या वहीतील उधारीला नव्हे. जून २०२० मध्ये केंद्र सरकारने पथविक्रेत्यांना १०,००० रुपयांपर्यंत कर्जाऊ खेळते भांडवल देणारी स्वनिधी योजना आणली. (मराठीने भांडवलालाही 'खेळते' म्हणावे, ही मोठी मौजेची गोष्ट!) पण योजना शहरांत विक्री करणाऱ्यांसाठी होती. एप्रिल २०२१ मध्ये राज्य शासनाने १,५०० रुपये जाहीर केले, तेही नोंदणी झालेल्या फेरीवाल्यांना. गावोगावच्या जत्रा हीच ज्याची पेठ, त्याने कोणत्या नगरपालिकेच्या नोंदीत आपले नाव शोधावे? अनेक फेरीवाल्यांना तारले ते त्यांच्याच हातगाडीने. तिच्यावर त्यांनी भाजी मांडली, कारण भाजी 'अत्यावश्यक' ठरली होती.

या शब्दापाशी आम्हांस थोडे थांबावेसे वाटते. साथ फैलावत असता जत्रा बंद ठेवणे योग्यच होते. त्याविषयी आमची तक्रार नाही. पण भाजी अत्यावश्यक आणि खेळणे अनावश्यक, हा निवाडा रोगापुरता होता. माणसाच्या गरजेविषयीचा तो अंतिम निवाडा नव्हे. महिनोन्महिने घरात कोंडलेल्या मुलांना भाकरीखालोखाल काय हवे होते, हे आईबापांस विचारावे. त्याच काळात मोबाइलवरचा लुडो घरोघर खेळला गेला. खेळाची भूक होतीच, फक्त कागदी पट विकणारा तिच्यापर्यंत पोहोचू शकत नव्हता. तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी विश्रांतीप्रमाणे विनोद व खेळ ही मनाची गरज मानली. एवढेच नव्हे, तर लोकांचे रंजन हाच ज्यांचा व्यवसाय, त्यांना योग्य मोबदला देणे हा न्यायाचा भाग होय, असेही प्रतिपादले. येथे त्यांनी दयेचे नव्हे, न्यायाचे माप लावले आहे, हे लक्षात घ्यावे.

हा भेद आम्हांस महत्त्वाचा वाटतो. खेळणीवाल्याने पाल ठोकले नाही म्हणून जी गर्दी टळली, तिचा लाभ आपणा सर्वांना झाला. तोटा मात्र त्याच्या एकट्याच्या पदरी आला. सर्वांच्या हितासाठी एकाने सोसावे आणि सर्वांनी त्याला 'बिचारा' म्हणून सोडून द्यावे, हा व्यवहार आम्हांस सरळ वाटत नाही. त्याला शिधा देणारे हात होते, आणि ते आदरास पात्र आहेत. परंतु शिधा घेणाऱ्याला मान खाली घालावी लागते. विकलेल्या मालाचे पैसे घेणाऱ्याला ती घालावी लागत नाही.

७ ऑक्टोबर २०२१ रोजी, घटस्थापनेला, महाराष्ट्रातील देवालये पुन्हा उघडली. दोन वर्षांचा माल घेऊन बसलेला विक्रेता पहिल्या जत्रेत पडेल भावाने विकायला तयार असणार, हे गिऱ्हाईक ओळखून असते. पन्नासाची गाडी तिसाला मागणाऱ्यापाशी उत्तर तयार असते: तो खुशीने देतो ना? त्याची ही खुशी कोठून आली, हे मात्र घासाघीस करताना आपण विचारीत नाही.