संबंधत्याग आणि आपत्काळ

आचारसूत्रांत सर्वज्ञांनी देश, गाव आणि विशेषेकरून आप्तेष्ट यांचा संबंध त्याज्य ठरविला. मग युद्धकाळी माणूस आप्तांच्याच आधाराने तगतो हे कसे, अशी शंका उपदेशी सद्भक्त घेतात.

कोल्हापुरात शाहूपुरीपासून काही मैलांवर वळिवडे येथे १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५००० पोलिश निर्वासितांची छावणी होती. सोव्हिएत सत्तेने त्यांना घरांतून उचलून दूर धाडले होते. इराणमार्गे ते येथे पोचले. बहुतेक स्त्रिया व मुले; कित्येकींचे पती, पुत्र दूर रणांगणावर. तेथे शाळा चालल्या, अनाथालय उभे राहिले. शेजारीण हीच बहीण झाली. यांचे आप्त सुटले, त्यांनी ते सोडले नव्हते. हिरावले जाणे म्हणजे त्याग नव्हे, हे साधकाने नीट ध्यानी घ्यावे. सूत्राचा निषेध ममतेला आहे. आर्ताकडे पाठ फिरविण्यास त्यात आधार शोधणे ही तर शुद्ध पळवाट होय.

पंथावरही असा प्रसंग आला. खिलजी सैन्याच्या धाडीत लीळाचरित्राची मूळ पोथी गेली, अशी परंपरा आहे. तेव्हा घरदार सोडलेल्या भिक्षूंनीच परस्परांच्या आठवणी जुळवून लीळा पुन्हा सिद्ध केल्या. गुरुबंधूंवाचून ते एकट्यादुकट्यास साधले नसते.