लपवलेल्या शस्त्राचा परवाना

अमेरिकेत कपड्यांच्या आत पिस्तूल बाळगून घराबाहेर पडायचे असेल, तर त्याचा परवाना केंद्र सरकार देत नाही, ज्याचे त्याचे राज्य देते. अर्जदाराने कुठे जायचे, कोणाला काय पटवून द्यायचे, हे राज्याराज्यांत वेगळे. फ्लोरिडात हा परवाना कृषी व ग्राहक सेवा खाते देते. पेट्रोलपंपांची मापे तपासणारे खातेही तेच. अर्जदाराचे वय साधारणपणे 21 असावे लागते. त्याला बोटांचे ठसे, छायाचित्र आणि प्रशिक्षकाच्या सहीचे, त्याच्यासमोर गोळी झाडून दाखवल्याचे प्रमाणपत्र द्यावे लागते. गंभीर गुन्ह्याची शिक्षा किंवा व्यसनाची नोंद आड आली नाही, तर खात्याने 90 दिवसांत परवाना द्यायचा असतो. पिस्तूल कशासाठी हवे, हा प्रश्न अर्जात नाही. तो गळून पडायला पावणेदोनशे वर्षे लागली.

शस्त्र बाळगण्याच्या हक्काची दुसरी घटनादुरुस्ती 1791 सालची. तिच्यात उघडे आणि लपवलेले असा भेद नाही. तो भेद राज्यांनी केला, आणि सुरुवातीला परवान्याने नव्हे तर सरळ बंदीने. केंटकी आणि लुइझियाना यांनी 1813 मध्ये लपवलेल्या शस्त्रांविरुद्ध पहिले कायदे केले. त्या काळी दक्षिणेत किरकोळ बाचाबाची सुऱ्या-पिस्तुलांवर जाई. अब्रूदार माणूस शस्त्र कंबरेला सर्वांना दिसेल असे लावतो, कोटाखाली दडवतो तो दगा देणारा, अशी लोकसमजूत होती. केंटकीत एकाला गुप्ती बाळगल्याबद्दल 100 डॉलर दंड झाला. 1822 मध्ये तेथील वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केला आणि शस्त्राचा हक्क म्हणजे ते हवे तसे बाळगण्याचा हक्क, असे ठरवले. हा निकाल एकटाच पडला. पुढे केंटकीने आपली राज्यघटना बदलून लपवलेल्या शस्त्रांवर बंदी घालण्याचा अधिकार विधिमंडळाला दिला. लुइझियानाच्या न्यायालयाने 1850 मध्ये उघडे शस्त्र पुरुषार्थाला धरून आहे आणि लपवलेले भ्याड खुनाला वाट करून देते, अशा अर्थाचे मत नोंदवले. बहुतेक न्यायालये याच बाजूची होती.

पश्चिमेकडील सीमाप्रदेशाची चित्रपटांनी रंगवलेली प्रतिमा इथे फारशी कामाची नाही. टेक्ससने 1871 मध्ये पिस्तूल जवळ बाळगण्यावरच, उघडे असो वा झाकलेले, काही अपवाद वगळता बंदी घातली होती. ॲरिझोनातील टूम्बस्टोन गावात नगराच्या हद्दीत शस्त्र बाळगायला मनाई होती. 1881 ची ओ.के. कोरलची प्रसिद्ध चकमक झडली तीही ही मनाई मोडणाऱ्यांकडून शस्त्रे काढून घेण्याच्या निमित्ताने.

परवान्याची कल्पना रुजली ती शहरांच्या वाढीबरोबर. स्वस्त आणि खिशात मावणारी रिव्हॉल्व्हरे सर्रास मिळू लागल्यावर सगळ्यांना बंदी किंवा सगळ्यांना मुभा यांच्यामधला रस्ता शोधला गेला. सरसकट मनाई करायची, पण लायक माणसाला अधिकाऱ्याने सूट द्यायची. न्यूयॉर्कचा 1911 चा सलिव्हन कायदा या विचाराचा ठळक नमुना आहे. त्याच वर्षी जानेवारीत डेव्हिड ग्रॅहम फिलिप्स या कादंबरीकाराचा भर मॅनहॅटनमध्ये गोळ्या घालून खून झाला होता आणि लोकमत तापले होते. लपवता येण्याजोगे शस्त्र बाळगायला परवाना सक्तीचा झाला. 1913 च्या दुरुस्तीने शस्त्र जवळ बाळगण्यासाठी अर्जदाराचे चांगले चारित्र्य आणि ‘योग्य कारण’ अशा दोन अटी घातल्या. योग्य कारण म्हणजे काय, हे पुढे न्यायालयांनी ठरवले. चारचौघांना असते त्याहून वेगळी, खास आपल्यालाच असलेली गरज दाखवायची. रात्री उशिरा घरी परतावे लागते, वस्ती वाईट आहे, एवढ्याने भागत नसे.

अधिकाऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या या पद्धतीला अमेरिकेत ‘मे इश्यू’ म्हणतात. ती निर्दोष हेतूने लिहिली गेली असे म्हणावे, तर दक्षिणेतील कागदपत्रे आड येतात. फ्लोरिडाचा 1893 चा परवाना कायदा टर्पेंटाइन आणि लाकडाच्या छावण्यांत आलेल्या कृष्णवर्णीय मजुरांना निःशस्त्र करण्यासाठी होता आणि गोऱ्यांना तो लावायचा इरादाच नव्हता, असे त्या राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील न्यायमूर्ती ब्युफर्ड यांनी 1941 मध्ये निकालपत्रातच लिहून ठेवले. जानेवारी 1956 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या माँटगोमेरीतील घरावर बाँब पडला. त्यानंतर त्यांनी पिस्तुलाच्या परवान्यासाठी अर्ज केला. धोका खरा आहे हे सिद्ध करायला आणखी पुरावा तो काय हवा होता? अर्ज फेटाळला गेला. भारतीय वाचकाला हा प्रकार अपरिचित नाही. लॉर्ड लिटनच्या 1878 च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसाला परवाना सक्तीचा केला आणि युरोपियनांना त्यातून वगळले होते. अधिकाऱ्याच्या विवेकावर सोडलेला नियम त्या काळाचे पूर्वग्रहच अमलात आणतो, हा मर्जीच्या पद्धतीवरचा सर्वांत वजनदार आक्षेप आहे. बंदुकीच्या बाजूचे राजकारण न पटणाऱ्यांनाही तो टाळता येत नाही.

उलटी वाट वॉशिंग्टन राज्याने 1961 मध्येच धरली होती, पण खरी कलाटणी दिली फ्लोरिडाने. नॅशनल रायफल असोसिएशनच्या मॅरियन हॅमर यांनी लावून धरलेला कायदा 1 ऑक्टोबर 1987 पासून लागू झाला. अटी पूर्ण करणाऱ्याला परवाना द्यावाच लागेल, नाकारायचा तर कारण सरकारने दाखवायचे, असे त्याचे स्वरूप होते. यालाच ‘शॅल इश्यू’ म्हणतात. कारण सांगण्याचा भार नागरिकावरून उतरून सरकारवर गेला. त्याच वर्षी फ्लोरिडाने पिस्तूल उघड बाळगायला मनाई केली, हे विशेष. उघडे शस्त्र पाहून लोक घाबरतात, झाकलेले कोणाला दिसत नाही. सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी दगाबाजीचे लक्षण मानले जाणारे लपवणे आता सभ्यपणाचे ठरले. ही उघड बाळगण्यावरची बंदी तेथील अपील न्यायालयाने घटनाबाह्य ठरवली ती थेट 2025 मध्ये.

टेक्ससमधील बदलामागे एक हत्याकांड आहे. 16 ऑक्टोबर 1991 रोजी किलीन येथील एका उपाहारगृहात एका बंदूकधाऱ्याने 23 जणांना मारले. सुझॅना हप तेव्हा आईवडिलांसोबत तिथे जेवत होत्या. कायदा मोडायला नको म्हणून त्यांनी आपले रिव्हॉल्व्हर मोटारीतच ठेवले होते. आईवडील दोघेही मारले गेले. हप यांची साक्ष राज्याराज्यांतल्या विधिमंडळांत ऐकली गेली. गव्हर्नर ॲन रिचर्ड्स यांनी परवान्याचा प्रस्ताव रोखला. त्यांचा पराभव करून आलेल्या जॉर्ज डब्ल्यू. बुश यांनी 1995 मध्ये कायद्यावर सही केली. टेक्ससच्या परीक्षेत अर्जदाराला 3, 7 आणि 15 यार्डांवरून एकूण 50 गोळ्या झाडाव्या लागतात आणि 250 पैकी 175 गुण मिळवावे लागतात. सावकाश नेम धरणाऱ्याला ती फारशी जड जात नाही. पण गर्दीत, गोंधळात, हात थरथरत असताना काय होईल, याची ती परीक्षा नव्हे.

परवाने वाढल्याने गुन्हे घटतात, असे अर्थतज्ज्ञ जॉन लॉट यांनी 1998 च्या पुस्तकात मांडले आणि चळवळीला शास्त्राचा आधार मिळाला. नॅशनल रिसर्च काउन्सिलच्या समितीने 2004 मध्ये उपलब्ध पुराव्यावरून कोणताच निष्कर्ष निघत नाही, असा अहवाल दिला. जॉन डोनोह्यू आणि सहकाऱ्यांच्या 2019 च्या अभ्यासात तर अशा कायद्यानंतर दहा वर्षांनी हिंसक गुन्हे 13 ते 15 टक्क्यांनी जास्त असल्याचे अनुमान निघाले. कायद्यांची घोडदौड मात्र या वादासाठी थांबली नाही. शेवटचे राज्य इलिनॉय. संपूर्ण बंदी 2012 मध्ये न्यायालयाने मोडीत काढल्यावर 2013 मध्ये तिथेही परवाना आला.

सर्वोच्च न्यायालयाने 2008 च्या हेलर खटल्यात घरात पिस्तूल ठेवण्याचा वैयक्तिक हक्क मान्य केला, तेव्हा एकोणिसाव्या शतकातील बहुतेक न्यायालयांनी लपवलेल्या शस्त्रांवरची बंदी वैध धरल्याची नोंदही केली होती. 23 जून 2022 च्या ब्रुएन निकालाने, सहा विरुद्ध तीन मतांनी, न्यूयॉर्कची ‘योग्य कारण’ ही अट घटनाबाह्य ठरवली. तोवर 43 राज्ये मर्जीची पद्धत सोडून गेलेली होती. न्यूयॉर्कने लगेच नवा कायदा केला. त्यात 16 तासांचा वर्ग, 2 तासांचा प्रत्यक्ष गोळीबाराचा सराव, लेखी परीक्षा, चार जणांची चारित्र्याबद्दल ग्वाही आणि मुलाखत आहे. समाजमाध्यमांवरील खात्यांची यादी मागणारी अट न्यायालयाने रोखली. कारण विचारता येत नाही म्हणून अर्जदाराला दमवायचे, अशी टीका या कायद्यावर होते, आणि ती अगदीच निराधार नाही.

एकीकडे अर्ज असा लांबत गेला, तर दुसरीकडे तो नकोसाच झाला. व्हरमाँटमध्ये 1903 च्या निकालापासून परवान्याची गरज नव्हतीच. अलास्काने 2003 मध्ये, ॲरिझोनाने 2010 मध्ये, टेक्ससने 2021 मध्ये आणि खुद्द फ्लोरिडाने 1 जुलै 2023 पासून परवान्याची सक्ती काढली. 2024 पर्यंत अशा राज्यांची संख्या 29 झाली. परवान्याबरोबर प्रशिक्षणाची अटही गेली, म्हणून कित्येक पोलीस अधिकाऱ्यांनी या बदलाला विरोध केला होता.

परवाना ऐच्छिक झालेल्या राज्यांतही लोक अर्ज करतातच. शाळेपासून 1000 फुटांच्या आत पिस्तूल नेण्यावर केंद्राची बंदी आहे, तिच्यातून त्या राज्याचा परवानाधारक सुटतो. शिवाय दुसऱ्या राज्यात जाताना परवाना उपयोगी पडतो. अमेरिकेत नोकरीशिक्षणासाठी गेलेल्या मराठी माणसांनी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. एच-1बी किंवा विद्यार्थी व्हिसावर असलेल्यांना, शिकारीच्या परवान्यासारखे काही अपवाद सोडता, केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही, मग राज्य कितीही उदार असो. ग्रीन कार्डधारकांना ही आडकाठी नाही. एका राज्याचा परवाना देशभर चालावा, असे विधेयक डिसेंबर 2017 मध्ये प्रतिनिधिगृहात मंजूर झाले, पण सिनेटमध्ये ते पुढे सरकले नाही. त्यामुळे परवाना कुठे चालतो, हे आजही राज्याराज्यांतील करारांवर ठरते, आणि न्यूयॉर्क दुसऱ्या कोणत्याही राज्याचा परवाना मानत नाही.