आचार्य परगावी असताना

२०१२ साली इथिओपियातल्या वोंची आणि वोलोनचेते या दोन खेड्यांत काही बंद खोकी ठेवण्यात आली. खोक्यांत मोटोरोला कंपनीचे झूम टॅब्लेट होते आणि ते सौर ऊर्जेवर चार्ज करण्याची सोय होती. माहितीपत्रक नव्हते, शिकवणारे माणूस नव्हते. निकोलस नेग्रोपाँटे यांच्या ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा हा प्रयोग. शाळेचे तोंड न पाहिलेल्या मुलांच्या हाती नुसते यंत्र दिले तर काय होते, एवढेच बघायचे होते. नेग्रोपाँटे यांनी त्याच वर्षी एमआयटीच्या एका परिषदेत त्याची हकिकत सांगितली. काही मिनिटांतच एका मुलाने खोके उघडून चालू-बंद करण्याचे बटण शोधले. दोन आठवड्यांत मुले इंग्रजी मुळाक्षरांची गाणी म्हणू लागली. पाच महिन्यांत तर त्यांनी यंत्रणेला घातलेले कुलूप तोडून बंद केलेला कॅमेरा सुरू केला.

हकिकत गुंगवणारी आहे. खोकी ठेवणारा आणि हकिकत सांगणारा एकच, हे ध्यानात ठेवून ऐकावी इतकेच. त्यातला एक तपशील सहसा मागे पडतो. दर आठवड्याला एक तंत्रज्ञ गावात येई आणि टॅब्लेटमधली मेमरी कार्डे बदलून नेई. मुलांनी काय काय केले ते त्यांवरून कळे. म्हणजे मुलांकडे बघणारे कोणीतरी होते, फक्त ते शिकवत नव्हते.

शाळकरी मुलांसाठी स्वस्त टॅब्लेट म्हटले की बोलणे किमतीपासून सुरू होते आणि बॅटरीपाशी संपते. त्याच्या मुळाशी असलेला प्रश्न मात्र दोन-अडीच हजार वर्षांचा आहे. ज्ञान मुलाच्या आतच असते आणि त्याची वाट तेवढी मोकळी करून द्यायची असते, की ते एका माणसाकडून दुसऱ्याकडे यावे लागते?

प्लेटोच्या ‘मेनो’ या संवादात सॉक्रेटिस एका गुलाम पोराला बोलावतो आणि जमिनीवर चौरस काढून विचारतो की याच्या दुप्पट क्षेत्रफळाचा चौरस कसा काढशील? पोरगा आधी बाजू दुप्पट करतो, चुकतो. मग दीडपट करतो, पुन्हा चुकतो. शेवटी कर्णावर चौरस काढायचा हे त्याला उमगते. सॉक्रेटिसचा दावा असा की आपण काहीच शिकवले नाही, नुसते प्रश्न विचारले. ज्ञान त्या पोराच्या आतच होते. हा दावा पुढे फार दूरवर गेला. मूल स्वतःच आपले ज्ञान रचते असे मांडणारे ज्याँ पियाजे, जिनिव्हात त्यांच्याबरोबर काम करून नंतर एमआयटीत मुलांसाठी ‘लोगो’ ही संगणकभाषा घडवणारे सीमोर पॅपर्ट, १९६८ मध्ये पॅपर्टांचे काम बघून भारावलेले ॲलन के, अशी ही साखळी आहे. के यांनी १९७२ मध्ये ‘डायनाबुक’ या वहीएवढ्या संगणकाची कल्पना मांडली. आजचा टॅब्लेट तिचाच वारस. नेग्रोपाँटे हे पॅपर्टांचे एमआयटीतले सहकारी. तेव्हा इथिओपियातल्या त्या खोक्यांमध्ये अथेन्समधला तो गुलाम पोरगाही होता म्हणायचा.

फक्त सॉक्रेटिस खोक्यात नव्हता. पोराची पहिली चूक ऐकून पुढचा प्रश्न कोणता विचारायचा, हे ज्याला कळत होते तो माणूस ‘मी काही केले नाही’ म्हणून बाजूला झाला आणि जगाने त्याच्या विनयावर जरा जास्तच विश्वास ठेवला.

या तत्त्वज्ञानाला मग किंमत चिकटली. २००५ मध्ये ट्युनिस इथल्या परिषदेत संयुक्त राष्ट्रांचे तेव्हाचे सरचिटणीस कोफी अन्नान यांच्या उपस्थितीत नेग्रोपाँटे यांच्या शंभर डॉलरच्या लॅपटॉपचा नमुना दाखवला गेला. वीज नसली तरी चालावा म्हणून त्याला हाताने फिरवायचा दांडा होता, आणि तो तिथेच निखळला. २००७ च्या अखेरीस यंत्र कारखान्यातून बाहेर पडले तेव्हा दांडा गेला होता आणि किंमत दुपटीच्या घरात पोहोचली होती. पडदा मात्र अस्सल होता. मेरी लू जेप्सन यांनी रचलेला हा पडदा भर उन्हात वाचता येई, आणि झाडाखाली भरणाऱ्या शाळेला त्याचे मोल शंभर डॉलरच्या आकड्याहून मोठे होते. भारताने २००६ मध्येच या योजनेला नकार दिला होता. तेव्हाचे केंद्रीय शिक्षण सचिव सुदीप बॅनर्जी यांचे म्हणणे होते की शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने ही कल्पना संशयास्पद आहे. आपल्याला आधी वर्गखोल्या आणि शिक्षक हवेत.

पण आकड्याचा मोह भारतालाही सुटला नाही. तेव्हाचे केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्री कपिल सिब्बल यांनी जुलै २०१० मध्ये ३५ डॉलरच्या यंत्राचा नमुना दाखवला आणि ५ ऑक्टोबर २०११ रोजी दिल्लीत ‘आकाश’ अवतरला. डेटाविंड कंपनीकडून सरकारने तो २,२७६ रुपयांना घेतला. सात इंची पडदा, ३६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम. बोट हलके टेकवून भागत नसे, दाबावे लागे. बॅटरी दोन-तीन तासांत मान टाकी. पुढे सूत्रे आयआयटी मुंबईच्या दीपक फाटक यांच्याकडे आली, पडदा आणि प्रोसेसर सुधारले, आणि नोव्हेंबर २०१२ मध्ये ‘आकाश-२’ चक्क संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात झळकला. तो मुळात कॉलेजच्या मुलांसाठी होता, हे त्या गलबल्यात कित्येकांच्या लक्षातही आले नाही. यंत्र किती रुपयांना पडले यावर वर्तमानपत्रांचे रकाने भरले. त्यावर काय शिकायचे आणि शिकताना अडले तर कोणाला विचारायचे, हे प्रश्न रकान्याबाहेर राहिले.

दक्षिण अमेरिकेत याच प्रश्नांची रीतसर परीक्षा झाली. पेरूने नेग्रोपाँटे यांचे आठ लाखांवर लॅपटॉप वाटले. आंतर-अमेरिकी विकास बँकेच्या अभ्यासकांनी ग्रामीण भागातल्या ३१९ शाळा निवडल्या, काहींना यंत्रे दिली, काहींना नाही, आणि सुमारे पंधरा महिन्यांनी मुलांची गणित-भाषेची चाचणी घेतली. २०१२ मध्ये निष्कर्ष आला: गुणांत फरक नाही. सर्वसाधारण आकलनाच्या चाचण्यांत थोडी सुधारणा दिसली, तिच्याकडे मात्र टीकाकारांनी फारसे बघितले नाही.

उरुग्वेची गोष्ट याहून रंजक आहे. अध्यक्ष ताबारे व्हास्केस यांच्या काळात २००७ मध्ये विया कार्दाल या छोट्या गावातून ‘प्लान सेइबाल’ सुरू झाला आणि २००९ च्या ऑक्टोबरपर्यंत सरकारी प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलाच्या हाती लॅपटॉप आला. गुण तिथेही लगेच वाढले नाहीत. पण २०१२ पासून त्या देशाने हेच जाळे वेगळ्या कामाला लावले. इंग्रजीचे शिक्षक पुरेसे नव्हते. तेव्हा ब्रिटिश कौन्सिलच्या मदतीने दूर देशांतले शिक्षक पडद्यावरून वर्गात आणले, आणि वर्गातल्या बाईंना त्यांच्या जोडीला ठेवले. शिक्षकावाचून चालावे म्हणून जन्मलेल्या यंत्रातून शिक्षकच आत आला.

इथे थांबून ‘गुरूविना ज्ञान नाही’ असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. टांझानिया तसे करू देत नाही. मुलांना स्वतःच शिकता येईल अशी सॉफ्टवेअरे घडवण्याच्या एक्सप्राइझ स्पर्धेत तिथल्या टांगा प्रदेशातल्या सुमारे १७० खेड्यांत जवळपास तीन हजार मुलांना टॅब्लेट दिले गेले. त्यांतली ७४ टक्के मुले कधीही शाळेत गेली नव्हती. नव्वद टक्क्यांहून अधिक मुलांना स्वाहिलीतला एक शब्दही वाचता येत नव्हता. पंधरा महिन्यांनी एकही शब्द न वाचता येणाऱ्यांचे प्रमाण निम्म्यावर आले. ‘किटकिट स्कूल’ आणि ‘वनबिलियन’ या दोन चमूंना २०१९ च्या मे महिन्यात एक कोटी डॉलरचे बक्षीस विभागून मिळाले. निम्मी मुले कोरीच राहिली हे खरे. पण शिक्षक नसलेल्या गावात बाकीची निम्मी वाचू लागली, याला क्षुल्लक कोण म्हणेल?

यंत्र शिकवू शकते. आपल्या परंपरेला याचे नवल वाटायला नको. भागवतातल्या अवधूताचे चोवीस गुरू आहेत. त्यांत पृथ्वी, वारा, अजगर, पतंग सगळे येतात, आणि एकनाथांनी त्यांच्यावर मराठीत भरभरून लिहिले आहे. छांदोग्य उपनिषदातल्या सत्यकाम जाबालाला तर ब्रह्मज्ञानाचे चार पाद बैल, अग्नी, हंस आणि एक पाणपक्षी यांनी शिकवले. गुरू गौतमांनी त्याच्या हवाली चारशे रोडकी गुरे केली होती. त्यांची हजार झाल्याशिवाय परतणार नाही, असे म्हणून तो रानात गेला आणि परत आला तो ज्ञानी होऊनच.

सत्यकामाला गोत्र ठाऊक नव्हते, आईलाही सांगता आले नव्हते. हे त्याने खरे सांगितले, तरी गौतमांनी त्याला शिष्य म्हणून घेतले. पण इतके खरे ब्राह्मणच बोलेल, असे म्हणून घेतले. दार उघडले आणि उंबऱ्यावर अट तशीच राहिली. स्वस्त टॅब्लेटची खरी नैतिक ताकद इथे आहे. तो गोत्र विचारत नाही, मुलगी आहेस का विचारत नाही, चूक झाली म्हणून हसत नाही. ज्या समाजात ‘शिकण्याचा अधिकार कोणाला’ या प्रश्नावर शतके गेली, तिथे हे थोडे नव्हे. मात्र याच अधिकारासाठी झगडणाऱ्या जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सक्तीचे प्राथमिक शिक्षण मागितले, तेव्हा त्याच निवेदनात शिक्षकांचे प्रशिक्षण आणि त्यांचा पगार हेही मागितले होते. अधिकार आणि शिक्षक त्यांनी वेगळे काढले नाहीत.

परत आलेल्या सत्यकामाचा चेहरा बघून गौतम विचारतात, तुला कोणी शिकवले? माणसांनी नाही, असे तो सांगतो आणि विनवतो की आता तुम्ही शिकवा. गौतम शिकवतात. ते अगदी तेच असते, त्यात काही उणे राहत नाही. माहितीच्या हिशेबात ही पुनरुक्ती आहे. तरी सत्यकामाला ती हवी होती, कारण आपल्याला जे कळले ते खरेच कळले आहे का, हे बैलाला विचारून भागत नाही. टॅब्लेट उत्तर बरोबर की चूक ते सांगतो, आणि हल्लीची सॉफ्टवेअरे कुठे अडले तेही ओळखतात, पुढचा प्रश्नही निवडतात. पण मुलाला कळल्याचा आनंद कोणाला तरी दाखवायचा असतो, आणि त्या दुसऱ्याला तो दिसावाही लागतो. टांगामधल्या प्रत्येक गावात टॅब्लेट चार्ज करून देण्यासाठी एक बाई नेमली होती, तिला ‘मामा’ म्हणजे स्वाहिलीत आई म्हणत. तिने शिकवायचे नव्हते. मुले वाचलेला पहिला शब्द घेऊन तिच्याकडे गेली असतील का, हे गुणांच्या तक्त्यात मावणारे नाही.

तर मग शिक्षक हवाच. पण तो जागेवर असतो का? उपनिषदाने हाही प्रश्न सोडलेला नाही. हाच सत्यकाम पुढे आचार्य झाला. त्याच्या घरी उपकोसल नावाच्या शिष्याने बारा वर्षे अग्नींची सेवा केली. बाकीच्यांना शिकवून घरी पाठवले, याला शिकवलेच नाही. बायकोने टोकले, तरी आचार्य प्रवासाला निघून गेले. उपकोसलाने दुःखाने जेवण सोडले. तेव्हा अग्नींनाच त्याची दया आली आणि त्यांनी त्याला शिकवायला घेतले.

२००३ च्या सुमारास भारतातल्या सरकारी प्राथमिक शाळांना अचानक भेटी देऊन एक मोठी पाहणी झाली. दर चार शिक्षकांतला एक गैरहजर आढळला. झारखंडमध्ये हे प्रमाण ४२ टक्के होते; महाराष्ट्रात सर्वांत कमी, तरीही १५ च्या आसपास. शिवाय हजर असलेला गुरुजी प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतोच असे नाही. नेग्रोपाँटे यांच्या लॅपटॉपचा भारतातला पहिला प्रयोग २००७ मध्ये झाला तो रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैरात इथे. ही एकशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी एकाच खोलीत. गुरुजी चौथीशी बोलत असताना पहिलीपुरते परगावीच. अशा खोलीत यंत्र आले तर ते गुरुजींची जागा घेत नाही, त्यांच्या न पुरण्याची भरपाई करते.

अग्नींच्या वागण्यातली एक गोष्ट शिक्षणाच्या बाजारात विरळा आहे. त्यांनी स्वतःला ठाऊक होते तेवढे सांगितले आणि पुढची वाट आचार्य सांगतील म्हणून ते थांबले. आचार्य परतले, त्यांनी उपकोसलाचा चेहरा ओळखला आणि उरलेले शिकवले. यंत्राचे असे थांबणे मलावीत बघायला मिळते; सध्या देशभरातल्या पहिली ते चौथीच्या मुलांसाठी टॅब्लेटची योजना राबवली जात आहे. तिथे एका वर्गात शंभरावर मुले असणे नवलाचे नाही. मुले गटागटाने शाळेतल्याच एका खोलीत जातात, अर्धा-पाऊण तास टॅब्लेटवर अक्षरे आणि अंक गिरवतात आणि पुन्हा बाईंच्या वर्गात येऊन बसतात. ही वेळेची मर्यादा कोणा तत्त्वज्ञाने घालून दिलेली नाही. टॅब्लेट थोडे, मुले पुष्कळ, म्हणून पाळ्या लावाव्या लागल्या आहेत.